दत्तक आणलेलं कुत्रं घरातच शू-शी करतंय? सोलापूरच्या घरांत काय काय तपासायचं ते क्रमाने

घरी नवीन कुत्रं गेलं की आठवड्याभरात बहुतेकांचा एकच फोन येतो. खातंय, खेळतंय, पोरांना लागून झोपतंय, सगळं छान हाय पण घरातच करालंय बघा. मी इथं सोलापुरात रस्त्यावरची पिल्लं आणि कुणीतरी सोडून दिलेली मोठी कुत्री काही दिवस घरी ठेवते, बरी झाली की चांगली घरं बघून देते, आणि दिल्यानंतर हीच तक्रार इतक्या घरांतून सोडवलीय की आता विचारायच्या प्रश्नांचा क्रमच ठरून गेलाय. तोच इथं लिहितेय. बऱ्याच कुत्र्यांचं काम पहिल्या तीन-चार गोष्टींतच होतं आणि त्याला रुपया लागत नाही, म्हणून थेट खालच्या खर्चाच्या उपायांवर जाऊ नका. कुत्रं परत द्यायचा विचार मनात येत असेल तर निदान हे सगळं करून बघेपर्यंत तरी थांबा, एकदा घर मिळून परत सुटलेलं कुत्रं पुढच्या घरात फार घाबरून राहतं.

आधी नुसतं बघा, कसं करतंय

"घरात करतंय" एवढ्यावरून काहीच कळत नाही. खालीलपैकी कुठलं ते ओळखा, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

- खाली बसून पूर्ण लघवी, चांगलं डबकं, जागा एक-दोन ठरलेल्या. ही सवयीची गोष्ट, सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात सोपी.
- अर्धा तास फिरवलं, बाहेर काही नाही, दारातून आत पाऊल टाकलं की पायपुसण्यावर. हेही सवयीचंच, पण अडचण बाहेर आहे.
- थोडीशीच, उभ्या वस्तूवर, पाय वर करून. सोफ्याचा पाय, दाराची चौकट, सिलिंडर, बाहेरून आलेली पिशवी. हे हद्द आखणं आहे, पोट किंवा मूत्राशय भरल्याचा संबंध नाही. माद्याही करतात.
- तुम्ही अंगावर वाकलात, आवाज चढला, पाहुणे आले की कान मागे, शेपटी आत, अंग चोरतं आणि खाली थेंब. हे भीतीनं नाहीतर अति आनंदानं होतं.
- झोपून उठलं की अंथरूण ओलं आणि त्याला पत्ताच नाही, किंवा सारखं सारखं बसतंय आणि थेंबभरच येतंय. हे तब्येतीचं.
- तुम्ही घरात असताना एकदम व्यवस्थित, कुलूप लावून गेलात की मात्र सगळं दारापाशी. हे एकटं राहण्याचं.

आणि हे आधीच सांगून टाकते, पुढचं काही वाचत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या: लघवीला बसतंय, जोर लावतंय आणि काहीच येत नाही (नर असेल तर त्याच दिवशी, रात्र झाली तरी), लघवीत रक्त, पिल्लाला उलट्या आणि रक्ताची पातळ शी, नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर काही आठवड्यांत सुस्त पडली आणि पाणी खूप प्यायला लागली. पिल्लाचं ते पार्व्हो (विषाणूचा जीवघेणा आजार) असू शकतं, मादीच्या गर्भपिशवीत पू झालेला असू शकतो, दोन्हीत एक दिवस थांबणंसुद्धा महागात पडतं.

१. वही

फ्रिजवर एक कागद चिकटवा आणि घरातल्या प्रत्येकाला सांगा, उठलं कधी, खाल्लं कधी, प्यालं कधी, केलं कधी आणि कुठं, एवढंच लिहायचं. दोन-तीन दिवसांत कागदच बोलायला लागतो. "संध्याकाळी जेवण सव्वासहाला, शी पावणेसातला जिन्याखाली, फिरायला साडेसातला" असं दिसलं की कुत्रं बिचारं घड्याळासारखं चाललंय आणि आपणच उशिरा निघतोय हे लगेच कळतं. वहीशिवाय घरातला प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो, आजी म्हणतात दिवसभर करतंय आणि मुलगा म्हणतो एकदाच केलं, आणि मग मला फोनवर काहीच ठरवता येत नाही.

साधारण हिशोब असा धरतात की पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास दिवसा रोखू शकतं, म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. मोठं कुत्रं सवय झाल्यावर सहा-आठ तास रोखतं, पण नवीन घरात आलेल्या मोठ्या कुत्र्यालाही पहिले काही आठवडे पिल्लूच समजा, दर दोन तासांनी बाहेर. शिवाय चार वेळा चुकवायच्या नाहीत: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर पंधरा ते तीस मिनिटांत, खेळून झाल्यावर, आणि रात्री दिवा बंद करायच्या आधी. पोटात अन्न गेलं की आतडं हलतं, त्यामुळं खाल्ल्यावरची शी जवळपास ठरलेली असते, ती वेळ पकडली की अर्धं काम झालं.

२. ताटात काय जातंय

आपल्याकडं कुत्रं म्हटलं की दूध-भाकरी. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, शी पातळ होते, आणि पातळ शी कुठलंच कुत्रं रोखू शकत नाही, त्याला शिकवून उपयोग नाही. आठ दिवस दूध पूर्ण बंद करून बघा. भाकरी-भात चालेल, सोबत उकडलेलं अंडं किंवा चिकन द्या, मीठ-मसाला नको. आणि कडक भाकरीला शेंगाचटणी लावून प्रेमानं देणारे आहेत आपल्याकडं, ते मात्र थांबवा, त्यात लसूण असतो, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींना मारक आहे आणि तिखटानं पोट बिघडतं ते वेगळं.

जेवण वेळेवर, मोठ्याला दोनदा, पिल्लाला तीन-चारदा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी ताट उचलायचं. दिवसभर ताट भरून ठेवलं तर शीला वेळच राहत नाही. पाणी मात्र दिवसभर ठेवायचं. "पाणी कमी केलं तर शू कमी होईल" असं करणारी घरं मी बघितलीत, पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना सोलापुरात असं करणं जिवावर बेतेल. हवं तर झोपायच्या तासभर आधी भांडं थोडं भरा, त्यापेक्षा जास्त काही नको.

जंताचं औषध शेवटचं कधी दिलं ते माहीत नसेल तर डॉक्टरांना वजन सांगून डोस घ्या. रस्त्यावरून आलेल्या पिल्लांच्या पोटात जंत असतातच असं धरून चाला.

३. बाहेर नेमकं काय घडतं

इथं जरा वेळ घालवा, कारण "फिरवून आणलं तरी घरातच" याचं उत्तर इथंच असतं.

पहिलं ऊन. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊलाच रस्ता तापायला लागतो आणि दुपारी डांबरावर तळव्याला चटके बसतात. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवा, पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्यालाही नेऊ नका. पाय भाजत असताना ते कुठं थांबून शू करणार, घरी पळायचीच घाई. तेव्हा सकाळची फेरी सातच्या आत, संध्याकाळची सूर्य गेल्यावर, आणि दुपारी फक्त इमारतीच्या सावलीतली, झाडाखालची माती, पाच मिनिटं आणि परत.

दुसरं गल्लीतली कुत्री. तुमचं कुत्रं नवीन, गल्ली त्यांची. चार जण अंगावर गुरगुरत असताना तुमचं कुत्रं शेपटी पोटात घालून चालत राहतं, लघवीला बसणं म्हणजे त्याच्यासाठी धोका. दार बंद झालं, सुरक्षित वाटलं की मग सुटतं ते पायपुसण्यावर. जुळे सोलापूरकडं किंवा होटगी रोडला मोकळे प्लॉट आहेत तिथं शांत कोपरा सापडतो, जुन्या गावात बोळ अरुंद आहेत तिथं पहाटेची वेळ साधा, घरातला एक माणूस दहा पावलं पुढं चालू द्या. रोज एकच जागा, एकच रस्ता. दिवाळीत आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेतल्या दारूकामाच्या रात्री फेरी अंधार पडायच्या आधीच उरका, आवाजानं घाबरलेलं कुत्रं नंतर काही दिवस दाराबाहेर पाय ठेवायला तयार होत नाही.

तिसरं, पायाखाली काय आहे. कुत्र्याला लहानपणी ज्यावर करायची सवय लागते तीच जमीन ते पुढं शोधतं. रस्त्यावर वाढलेलं मातीवर करतं, पिंजऱ्यात किंवा सिमेंटच्या शेडमध्ये वाढलेल्याला गुळगुळीत फरशीवरच सुचतं, आणि पिल्लूपणी कागद-कपड्यावर केलेल्याला मऊ काहीतरी लागतं. तुमच्याकडं अंगण नसेल आणि कुत्रं मातीवाल्यांपैकी असेल तर गच्चीवर लोखंडी घमेल्यात किंवा पसरट ट्रेमध्ये दोन बोटं माती भरून ठेवा. लसीकरण पूर्ण न झालेल्या पिल्लासाठी तर गच्चीच बरी, पार्व्होचे विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतात, त्यामुळं बाकी कुत्री जिथं करतात तिथं पिल्लू नेऊच नका.

चौथं, आणि हे जवळजवळ सगळे करतात: शू केली की लगेच "झालं, चल घरी". कुत्र्याला कळतं की केलं की फिरणं संपतं, मग ते रोखून धरतं. उलट करा. आधी ठरलेल्या जागी पट्टा धरून गप्प उभं राहा, मोबाईल खिशात, "शू कर" एवढंच हळू म्हणा, केलं की त्याच सेकंदाला खिशातला चिकनचा तुकडा आणि कौतुक, आणि मग खरं फिरणं. बक्षीस घरी येऊन दिलं तर ते घरी आल्याचं बक्षीस होतं. पाच-सात मिनिटांत काही झालं नाही तर घरी या, पण पट्टा हातातच ठेवा, पंधरा मिनिटांनी परत न्या. पट्टा सोडून दिला की नेमकं त्या पंधरा मिनिटांतच घरात होतं.

४. पायपुसणी उचला, घर छोटं करा

सोलापूरच्या घरात जुनी चादर आणि जुना टॉवेल कधी टाकून देत नाहीत, त्याची पायपुसणी होतात, मोरीपाशी एक, दारात एक, स्वयंपाकघरात एक, पलंगाच्या कडेला एक. टेरी टॉवेल लघवी शोषतो, पायाला ओल लागत नाही, कुत्र्याच्या दृष्टीनं याहून चांगली जागा नाही. सगळी उचलून ठेवा, महिनाभर तरी. फक्त त्याच्या झोपायच्या जागेवर एक.

मोकळीकही कमी करा. पहिल्या दिवशी तीन खोल्या आणि गच्ची मोकळी सोडली तर झोपायच्या जागेपासून लांबची प्रत्येक खोली त्याला "बाहेर"च वाटते. जिथं तुम्ही बसता तिथंच ते, बाकी दारं ओढून घ्या, दार नसेल तर आडवी फळी लावा. सहा-सात फुटांचा पट्टा तुमच्या कमरेला किंवा खुर्चीला बांधून ठेवलात तर नजर हटत नाही. जमीन हुंगत गोल गोल फिरायला लागलं, खेळता खेळता एकदम थांबून दुसऱ्या खोलीकडं निघालं की उठायचं आणि बाहेर. आठवडाभर घरात एकही चूक झाली नाही की एक खोली वाढवा.

५. फरशीतला वास

विजापूर रोडच्या एका घरात मादी कुत्री बाहेर नीट करायची आणि तरी रोज डायनिंग टेबलाखाली एकदा करायचीच. फरशी चकाचक, फिनेलचा वास घरभर. संध्याकाळी सगळे दिवे बंद करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला, दोनेकशे रुपयांत मिळतो, तर शहाबादी फरशीच्या सांध्यातून पिवळट-हिरवट रेघ भिंतीपर्यंत गेलेली, आणि भिंतीच्या पट्टीवर वेगळे डाग. वरची फरशी पुसली जात होती, सांधे कुणी धुतलेच नव्हते. कुत्रीला लांबूनही तिथं "इथं करतात" असंच ऐकू आल्यासारखं होत असणार, तिचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटीनं तीक्ष्ण.

शहाबादी हा चुनखडीचा दगड, पॉलिश उडालं की पाणी पितो. त्यात आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, काही दिवसांआड येतं तेव्हा लोक साहजिकच धुवायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं पुसतात, आणि तेच फडकं त्याच बादलीत बुडवून पुढच्या खोलीत नेतात. म्हणजे वास पुसला जात नाही, घरभर पसरतो. कुत्र्यासाठी फडकं वेगळं ठेवा आणि पाण्याच्या दिवशी सांधे ब्रशनं घासून धुवा. पाण्याच्या दिवशी पहाटे सगळे घागरी-पिंपं भरण्यात असतात आणि कुत्र्याची सकाळची फेरी राहते, त्या दिवशी एकाकडं फक्त तेच काम द्या.

साफ करायचा क्रम: हातमोजे घालून, कारण लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो, आधी कोरड्या कापडानं सगळं टिपून घ्या, मग साधं पाणी, मग एन्झाइमवालं क्लीनर. प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, वासाचं मूळ असलेले घटकच ते तोडतं. बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीत तितका वेळ ते ओलं राहिलं पाहिजे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात फरशी बघता बघता वाळते, म्हणून वर ओलं फडकं आणि प्लास्टिक झाका. अनेकांना "क्लीनर चालत नाही" वाटतं ते याचसाठी.

काय वापरायचं नाही ते नीट वाचा. फिनेल नको, त्यातली काही रसायनं कुत्र्याच्या पंजावरून चाटण्यात गेली तर विषारी ठरतात, आणि त्यानं फक्त आपल्या नाकापुरता वास झाकतो. बाथरूमचं ॲसिड नको, व्हिनेगरही शहाबादीवर नको, चुनखडीचा दगड आंबटानं झिजतो, खडबडीत होतो आणि पुढच्या वेळी आणखी लघवी पितो. टाइल्स असतील तर पाणी आणि व्हिनेगर निम्मं निम्मं चालेल. लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकू नका, लघवीतल्या अमोनियाशी मिळून घशाला झोंबणारा वायू होतो, आणि ब्लीचिंग व ॲसिड तर एकत्र कधीच नाही, त्यातून क्लोरीन सुटतो.

६. घरात करताना दिसलं तर

टाळी वाजवा किंवा हलकं "ए" म्हणा, उचला किंवा पट्ट्यानं बाहेर न्या, तिथं पुरं केलं की बक्षीस. नंतर सापडलं तर काहीच बोलू नका, पुसा आणि वहीत लिहा. नाक घासणं, चापट मारणं, ओरडणं यानं ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही. मग ते सोफ्यामागं जाऊन करतं आणि बाहेर तुम्ही पट्टा धरून उभे असताना तर अजिबात करत नाही, म्हणजे शिकवायचा रस्ताच बंद होतो. "बघा, त्याला माहितीय चूक केलीय, कसं तोंड करतंय" म्हणतात लोक, ते तोंड तुमच्या आवाजाला घाबरून केलेलं असतं.

घाबरून थेंब सोडणाऱ्यासाठी तर हा सगळ्यात मोठा नियम. त्याच्यावर वाकू नका, बाजूला तोंड करून खाली बसा, त्याला येऊ द्या, हात डोक्यावरून न नेता छातीखाली लावा. पाहुण्यांना सांगा पहिली पाच मिनिटं त्याच्याकडं बघूही नका. वय आणि विश्वास वाढला की बहुतेकांचं जातं.

७. क्रेट

क्रेट म्हणजे कुत्र्याला झोपायला दाराचा पिंजरा. हा पैशाचा उपाय, म्हणून इतक्या खाली. झोपायच्या जागेत कुत्रं शक्यतो घाण करत नाही, त्यावर हे चालतं. उभं राहता, वळता, पाय पसरून झोपता येईल एवढाच हवा, मोठा घेतला तर एका टोकाला झोपतं आणि दुसऱ्या टोकाला करतं. दार उघडं ठेवून आत जेवण द्या, काही दिवसांनी मिनिटभर दार लावा, असं हळूहळू. पत्र्याच्या छपराखाली किंवा गच्चीवर क्रेट कधी ठेवू नका, घरात पंख्याखालीच. वरच्या तासांच्या हिशोबापेक्षा जास्त वेळ कोंडू नका. बराच काळ पिंजऱ्यातच घाणीत राहिलेल्या कुत्र्याला क्रेटचा उपयोग होत नाही, त्याच्यासाठी खोली आणि पट्टाच.

८. नसबंदी आणि एकटेपण

पाय वर करून जागोजागी थोडी थोडी करणाऱ्या नराची नसबंदी केली की बऱ्याच जणांचं हे कमी होतं, सगळ्यांचं पूर्ण जातं असं नाही, सवय जुनी असेल तर वास साफ करणं आणि लक्ष ठेवणं सोबत लागतंच. रस्त्यावरून आणलं असेल तर कान बघा, नसबंदी केलेल्या भटक्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच मारलेली असते.

कुलूप लावल्यावरच होत असेल तर मागं मोबाईल रेकॉर्डिंगला ठेवून खाली जाऊन या. ते आरामात झोपून दोन तासांनी करत असेल तर वेळेचा प्रश्न, क्रमांक एकवर जा. तुम्ही गेल्यापासून भुंकतंय, लाळ गाळतंय, दार खरवडतंय आणि त्यातच सुटतंय तर तो घाबराटपणा आहे. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं असं बाहेर राहणं वाढवत न्यायला आठवडे लागतात. दार-खिडकीवर स्वतःला जखमा करून घेत असेल तर घरी प्रयोग करू नका, डॉक्टरांना सांगा, काहींना औषधाची गरज असते आणि सोबत शिक्षा न करता शिकवणारा ट्रेनर लागतो.

९. इथं थांबा आणि डॉक्टरांकडे जा

वरचं पहिलं ते सहावं दोन-तीन आठवडे घरातल्या सगळ्यांनी सारखं पाळलं आणि वहीत काहीच फरक दिसत नाही, तर शिकवणं थांबवा. तसंच नीट शिकलेलं कुत्रं एकदम बिघडलं, झोपेत अंथरूण ओलं होतंय, सारखी थेंब थेंब, सारखं तिथंच चाटतंय, लघवीला वेगळाच उग्र वास, तरी वाट बघू नका. लघवीचं इन्फेक्शन, खडे, मधुमेह, मूत्रपिंड, यापैकी काही असेल तर कितीही चिकनचे तुकडे द्या, उपयोग नाही. नसबंदी झालेल्या मादीची झोपेत गळणारी लघवी हाही ओळखीचा आजार आहे आणि बहुतेक वेळा गोळ्यांनी आटोक्यात येतो, त्यासाठी तिला ओरडणं फार वाईट वाटतं मला.

पाणी मोजा. सकाळी मापून भांड्यात ओता, दुसऱ्या सकाळी उरलेलं मापा. किलोमागं दिवसाला १०० मिलीपेक्षा जास्त प्यायलं, म्हणजे १५ किलोच्या कुत्र्यानं दीड लिटरच्या वर, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. उन्हाळ्यात थोडं वाढतं, पण इतकं नाही. खाज-खरजेसाठी प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉईडची गोळी चालू असेल तर त्यानंही तहान आणि लघवी वाढते, दत्तक आलेल्या कुत्र्यांना त्वचेचा त्रास बऱ्याचदा असतो, तेव्हा जुना कागद शोधून दाखवा, पण गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका.

जाताना वही न्या आणि लघवीचा नमुना न्या. सकाळच्या पहिल्या फेरीला लांब दांड्याचा जुना डाव स्वच्छ धुऊन कोरडा करून सोबत ठेवा, बसलं की सुरुवातीची थोडी जाऊ द्या आणि मग मागून हळूच खाली धरा, केमिस्टकडं मिळते त्या निर्जंतुक डबीत ओता आणि तासाभरात पोचवा. दवाखाना उशिरा उघडत असेल तर तोवर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये, आणि वर नाव, तारीख, वेळ लिहून.